हार्ट फेल्युअर, पायातले मसल आणि चालण्याचा व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे हार्टच्या पेशंटकडून व्यायाम करवून घेतात त्या विभागात, फिजिओ म्हणून काम करते, तिथे पेशंट आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहितेय. सगळ्यांचं लक्ष टूडी इकोच्या (हार्टच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर असतं, पंपिंग, म्हणजे हार्ट एका ठोक्यात आत भरलेल्या रक्तातलं किती बाहेर टाकतं, ते किती टक्के, वाढलं का कमी झालं, आणि मांडीच्या मसलकडे कुणी बघतच नाही. व्यायामाचा सगळ्यात मोठा फायदा मात्र तिथेच होतो. हे वाचून उद्या सकाळपासून स्वतःच सुरू करू नका, आधी तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा, कुणाला किती झेपेल हे पेशंट तपासूनच ठरतं.

आजार हार्टचा आहे मग बाबांचे पाय का गळून जातात?

कारण हार्ट फेल्युअर, म्हणजे हार्ट शरीराच्या गरजेला कमी पडणं, हळूहळू सगळ्या शरीराचा आजार होतो. बरेच पेशंट सांगतात की जिना चढताना धाप लागण्याच्या आधीच मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, दोन पायऱ्या राहिल्या तरी पाय उचलत नाही. हा अशक्तपणाचा भास नाही, आळस तर अजिबात नाही, पायाच्या मसलची एक छोटी बायोप्सी, म्हणजे बारीकसा तुकडा, घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितली तर तिथे खरोखर बिघाड दिसतो. १९८१ सालीच अमेरिकेत फ्रान्सिओसा यांच्या टीमने दाखवलं होतं की आराम करत असतानाचं पंपिंग किती आहे त्यावरून माणूस किती चालू शकेल हे सांगता येत नाही. पंपिंग २५% असलेला एकजण आरामात बाजारात जाऊन येतो आणि ४०% वाल्याला अंघोळ करूनच थकवा येतो, हे आम्ही रोज बघतो.

पण हार्ट रक्त कमी पाठवतं म्हणूनच मसल थकतात ना? मग पंपिंग सुधारलं की झालं?

एवढं सरळ असतं तर बरं झालं असतं. रक्त कमी पोचणं हा एक भाग आहेच, पण तेवढंच नाही. १९८० च्या दशकात पेशंटना डोब्युटामिन हे हार्टचा जोर वाढवणारं औषध देऊन हार्टचं आउटपुट वाढवलं, पायाकडे जाणारं रक्तही वाढलं, तरी पायाच्या मसलनी जास्त ऑक्सिजन काही वापरला नाही. त्याच काळात हाताच्या छोट्या मसलचा व्यायाम करवून एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआयसारख्या तपासणीने) आत बघितलं गेलं, हाताला रक्त व्यवस्थित मिळत होतं तरीही मसलमधला एनर्जीचा साठा लवकर संपत होता आणि ॲसिड लवकर साचत होतं. म्हणजे रक्त आलं तरी ते वापरणारी यंत्रणाच बिघडलेली. आणखी एक पुरावा म्हणजे हार्ट ट्रान्सप्लांट, नवं निरोगी हृदय बसवल्यावरसुद्धा माणसाची व्यायामाची क्षमता लगेच नॉर्मलला येत नाही, बऱ्याच जणांची निरोगी माणसापेक्षा कमीच राहते, आणि त्याच्या कारणांमध्ये हे जुने थकलेले मसल पण आहेत.

मसलमध्ये नेमकं काय बिघडतं?

बऱ्याच गोष्टी एकत्र. आपल्या मसलमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, एक हळू चालणारे पण न थकणारे, टाइप वन, जे ऑक्सिजन वापरून तासन् तास काम करतात, आणि दुसरे टाइप टू, जे झटका मारायला चांगले पण लवकर दमतात. हार्ट फेल्युअरमध्ये मांडीतले टाइप वनचं प्रमाण कमी होऊन टाइप टूचं वाढतं. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत एनर्जी बनवणारे कण, संख्येने कमी होतात आणि असतात तेही नीट काम करत नाहीत. बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विरळ होतं. आणि मसलची जाडीच कमी होते, मांडी हाताला सैल लागते.

का होतं हे? बसून राहणं हे एक मोठं कारण, पण एकमेव नाही. हार्ट कमी पडतंय हे ओळखून शरीर ॲड्रेनालिनसारखे हार्मोन आणि अँजिओटेन्सिन सतत वाढवून ठेवतं, त्याने हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि मसलची झीज पण वाढते. त्यात शरीरात हलकी सूज म्हणजे इन्फ्लमेशन कायम चालू, टीएनएफ अल्फासारखे पदार्थ रक्तात आणि मसलमध्ये वाढलेले. मसल बांधणारे सिग्नल कमी आणि तोडणारे जास्त, असा हिशोब महिनोन् महिने चालतो. गंमत म्हणजे श्वासाचा पडदा, डायफ्रॅम, याच्यात उलटं होतं, तो दिवसरात्र जास्त राबतो म्हणून त्याच्यातले न थकणारे तंतू वाढतात, तरी त्याची एकूण ताकद कमीच असते.

एरोबिक म्हणजे ते गाण्यावर उड्या मारतात ते का?

नाही हो. चालणं, सायकल, ट्रेडमिल, जे काही मोठे मसल वापरून लयीत बराच वेळ करता येतं आणि श्वास थोडा वाढतो ते सगळं एरोबिक.

या व्यायामाने मसलमध्ये खरंच काही बदलतं की नुसतं बरं वाटतं?

खरंच बदलतं, आणि मला या विषयातलं हेच सगळ्यात जास्त भावतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९८८ मध्ये अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १२ पेशंट घेतले, सगळ्यांचं पंपिंग खूप कमी, सरासरी २४%, आणि त्यांना ४ ते ६ महिने व्यायाम दिला. जोर लावून व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याला पीक व्हीओटू म्हणतात, ते २३% वाढलं. आणि वाढलं ते मुख्यतः पायांमुळे, पायाला जाणारं रक्त वाढलं आणि त्या रक्तातून मसल आधीपेक्षा जास्त ऑक्सिजन काढून घ्यायला लागले. त्या काळात एवढ्या कमी पंपिंगच्या माणसाला व्यायाम द्यायचा हेच धाडस होतं. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स यांच्या टीमने पेशंटना घरीच सायकल देऊन ८ आठवडे व्यायाम करवला आणि तिथेही क्षमता वाढली, त्रास कमी झाला.

मग जर्मनीत लाइपझिगला हॅम्ब्रेख्ट आणि त्यांच्या गटाने मसलच्या आत बघितलं. १९९५ चा त्यांचा अभ्यास २२ पेशंटचा, ६ महिन्यांचा, आधी आणि नंतर मांडीची बायोप्सी. ज्यांनी व्यायाम केला त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचं प्रमाण १९% वाढलं, आणि ज्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम नीट चालू आहे त्यांचं प्रमाण ४१% वाढलं, पीक व्हीओटू ३१% वर गेलं. नंतरच्या कामात त्याच गटाला तंतूंचा प्रकार परत टाइप वनकडे झुकताना दिसला, आणि २००३ मध्ये मसलच्या आतलं टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन वगैरे इन्फ्लमेशनचे पदार्थ कमी झालेले दिसले. रक्तातलं फारसं हललं नव्हतं पण मसलमधलं कमी झालं, म्हणजे व्यायाम जिथे होतो तिथेच औषधासारखा लागू पडतो.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या नेग्राओ यांच्या गटाने वेगळीच बाजू दाखवली, मसलकडे जाणाऱ्या नसांमधले (नर्व्हमधले, रक्तवाहिन्या नव्हे) ॲड्रेनालिनवाले सिग्नल थेट मोजले, व्यायामाच्या काही महिन्यांनंतर ते खूप कमी झाले होते, हातापायाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात त्या यामुळेही.

व्यायाम पायांचा, मग धाप का कमी होते?

हा प्रश्न मला फार आवडतो. मसलमध्ये बारीक नसा असतात ज्या मेंदूला कळवत राहतात की इथे काम चालू आहे, ॲसिड साचतंय, श्वास वाढव, बीपी वाढव. याला एर्गोरिफ्लेक्स म्हणतात. मसल बिघडलेले असले की थोड्याशा कामातच ॲसिड साचतं आणि या नसा मोठ्याने ओरडायला लागतात, मग मेंदू श्वास गरजेपेक्षा जास्त वाढवतो आणि माणसाला वाटतं छातीत काहीतरी बिघडलं. कोट्स यांनी १९९० च्या दशकात मांडलेली मसल हायपोथिसिस ती हीच, की धाप आणि थकवा दोन्हीचं बरंच मूळ मसलमध्ये आहे, आणि तिथून उठणारे हे सिग्नल हार्मोन आणखी भडकवतात, त्याने हार्टवर ताण वाढतो, आणि चक्र चालू राहतं. १९९६ मध्ये पिएपोली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्यायामाने हा रिफ्लेक्स शांत होतो. म्हणून फुप्फुसात काही बदल न होता पण जिना चढणं सोपं होतं.

व्यायामाने पंपिंग वाढेल का? किती वाढेल?

थोडं वाढू शकतं, काहींचं वाढतं काहींचं नाही, पण त्यासाठी व्यायाम करू नका. तीन महिने मन लावून चाललेले काका इको करून येतात, पंपिंग ३० चं ३२ झालेलं, आणि चेहरा पाडून बसतात, आणि त्याच माणसाची सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट चांगली वाढलेली असते, स्वतः भाजी आणायला लागलेले असतात. माझं म्हणणं घरच्यांनाही आहे, इकोच्या आकड्यावरून त्यांना शाबासकी देऊ नका आणि बोलूही नका. काय करता यायला लागलं ते विचारा.

पूर्वी तर पूर्ण बेडरेस्ट सांगायचे, आमच्या आजोबांना खाटेवरून उठू देत नव्हते.

बरोबर, १९७० च्या दशकापर्यंत तीच पद्धत होती, हार्टला आराम द्यायचा. ॲडमिट असताना, अंगावर पाणी चढलेलं असताना, आराम आजही लागतोच. पण स्टेबल झाल्यावर पडून राहणं म्हणजे वर सांगितलेला सगळा बिघाड स्वतःहून वाढवणं. आता स्टेबल पेशंटसाठी युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या गाइडलाइन्स व्यायाम करायलाच सांगतात. अजूनही घरोघरी "तुम्ही बसा, आम्ही करतो" चालू असतं, प्रेमापोटीच असतं, पण त्या प्रेमाने मांड्या बारीक होतात.

पंपिंग नॉर्मल आहे, ५५ ते ६०%, तरी डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. आम्हाला पण लागू आहे का?

हो, आणि कदाचित जास्तच. यात हार्ट आकुंचन नीट पावतं पण सैल पडून भरताना कडक राहतं, जास्त करून वयस्कर बायका, बीपी, शुगर, वजन असलेले पेशंट. या प्रकारात हायकोव्स्की आणि किट्झमन यांच्या अभ्यासांत दिसलं की व्यायामाने जी क्षमता वाढते तिचा बहुतेक वाटा मसलनी रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेण्याचा असतो, हार्टचं आउटपुट फार बदललेलं नसतं.

व्यायामाने आयुष्य वाढतं का?

यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास एचएफ-ॲक्शन, २००९ मध्ये आला, २३३१ पेशंट, पंपिंग ३५% किंवा कमी. मृत्यू किंवा हॉस्पिटलमध्ये भरती हे दोन्ही मिळून व्यायामाच्या गटात थोडं कमी होतं, पण तो फरक आधी ठरवलेल्या हिशोबात सिद्ध होण्याइतका नव्हता, पेशंटच्या तब्येतीतले फरक लक्षात घेऊन परत हिशोब केल्यावर ११% कमी धोका असा आला. व्यायाम सुरक्षित आहे हे मात्र त्यातून पक्कं झालं. आणि एक महत्त्वाचं, व्यायामाच्या गटातल्या बऱ्याच लोकांनी सांगितलेला व्यायाम पूर्ण केलाच नव्हता. सगळे अभ्यास एकत्र बघितले तर भरती होण्याचं प्रमाण कमी होतं आणि रोजचं जगणं सुधारतं हे नक्की, आयुष्याच्या वर्षांबद्दल मी छातीठोक वचन देणार नाही.

यूट्यूबवर एचआयआयटी सांगतात, जोरात आणि मग हळू, ते जास्त चांगलं का?

२००७ मध्ये नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला विस्लॉफ यांनी २७ पेशंटवर केलं होतं, ४-४ मिनिटं जोरात आणि मध्ये हळू, त्यांची क्षमता ४६% वाढली आणि साध्या, म्हणजे एकाच मध्यम वेगाने करणाऱ्या, गटाची १४%. सगळे खूश झाले. मग युरोपातल्या ९ सेंटरमध्ये २६१ पेशंट घेऊन स्मार्टेक्स नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये रिझल्ट आला, जोरवाला प्रकार साध्यापेक्षा सरस ठरला नाही. त्यात जोरात करायचं होतं त्यातले निम्मे लोक तेवढ्या जोरात करू शकले नाहीत आणि हळूवाले बरेचसे ठरल्यापेक्षा जोरात करत होते. माझं मत, घरी एकट्याने एचआयआयटी अजिबात नको. पण अगदी अशक्त पेशंटला "दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा" हे छान जमतं.

किती चालायचं? पल्स किती ठेवायची?

सुरुवातीला ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनतीनदा, सपाट जागेवर. मग दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्यातून ३ ते ५ दिवस २० ते ३० मिनिटांपर्यंत. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर. सुरुवातीची आणि शेवटची ५ मिनिटं एकदम हळू, एकदम थांबलं तर बीपी पडून चक्कर येते, हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांवर तर जास्तच.

पल्सच्या मागे लागू नका कारण बहुतेक जण बीटा ब्लॉकरवर, म्हणजे ठोके हळू ठेवणाऱ्या गोळ्यांवर, असतात, पल्स वाढतच नाही आणि नेटवरचं २२० वजा वय वालं गणित इथे चालत नाही. बोलण्याची टेस्ट घ्या, सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. किती दमलो हे स्वतःच आकड्यात सांगायचा बोर्ग स्केल ६ ते २० चा असतो, त्यात ११ ते १३, म्हणजे "हलकं" ते "थोडं जड". जेवणानंतर लगेच नको. एप्रिल-मेमध्ये विदर्भ मराठवाड्यातल्या लोकांनी तर पहाटेच चालावं, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असताना उन्हात घाम गेला की बीपी फार खाली जातं.

छातीत डिफिब्रिलेटर (ठोके धोकादायक वेगात गेले तर शॉक देणारं यंत्र) बसवला असेल तर तो कितव्या ठोक्याला शॉक देतो ते डॉक्टरांना विचारून घ्या, व्यायामात पल्स त्याच्या १० ते २० ने खाली राहिली पाहिजे.

कधी करायचा नाही?

३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, पायाची सूज वाढली, रात्री झोपल्यावर दम लागतोय, उशा वाढवाव्या लागतात, बसल्या जागी धाप, ताप, ठोके एकदम अनियमित, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. एओर्टिक व्हॉल्व्ह खूप अरुंद असणं, छातीत दुखणं स्टेबल नसणं, हार्टच्या मसलला नुकतीच सूज येऊन गेलेली असणं, यातही नाही. चालताना छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथेच बसा, "घर जवळच आहे" म्हणत ओढत येऊ नका.

वजन तर तेवढंच आहे, मग मसल कमी झाले कसे म्हणता?

हीच फसवणूक होते. अंगात पाणी वाढतं, मसल कमी होतात, काटा तेवढाच दाखवतो. घोटे सुजलेले पण पँट मांडीत सैल, दंड बारीक, कानशिलं खोल गेलेली, असं दिसलं की समजा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बघायला सांगा, आधी जमायचं आता जमत नाही असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, नुसतं "वजन स्टेबल आहे" म्हणून सांगू नका.

मग वजनं उचलायची का?

हलकी, चालण्याच्या जोडीला. मसलची जाडी आणि ताकद नुसत्या चालण्याने फार वाढत नाही, त्यासाठी खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, अर्धा लिटरची पाण्याची बाटली घेऊन हाताचे व्यायाम. श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा.

घरकाम होतं की दिवसभर, वेगळा व्यायाम कशाला?

घरकाम चांगलंच आहे, थांबवू नका, पण ते तुकड्यातुकड्यात होतं. सलग लयीत २० मिनिटं मिळत नाहीत. बायका हे सांगून स्वतःचा व्यायाम टाळतात आणि घरचे पण त्यांना वेळ काढून देत नाहीत, याचं मला खूप वाईट वाटतं, रिहॅबला बायका येतातच कमी.

खाण्यात काय?

प्रोटीन पुरेसं, डाळ, दही, अंडं, चालत असेल तर मासे चिकन, पण किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरच सांगतील. लोणचं, पापड, फरसाण बंद. आणि रक्तातलं आयर्न तपासून घ्या, फेरिटिनसकट (शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी टेस्ट), हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही आयर्न कमी असू शकतं आणि मसलला ऑक्सिजन वापरायला ते लागतं. २००९ च्या फेअर-एचएफ अभ्यासात शिरेतून आयर्न दिल्यावर पेशंटचा त्रास कमी झाला आणि चालणं सुधारलं होतं.

प्राणायाम चालेल?

हळू श्वासाचे प्रकार चालतात, बरं वाटतं. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं नको. आणि प्राणायाम केला म्हणजे चालणं झालं असं नाही.

आई ७८ वर्षांची आहे, आता काय फरक पडणार?

पडतो. लाइपझिगच्याच २०१२ च्या अभ्यासात ५५ च्या आतले आणि ६५ च्या वरचे असे दोन्ही वयाचे पेशंट होते, फक्त ४ आठवडे व्यायाम, आणि मसल तोडणारं मर्फ-वन नावाचं प्रोटीन बनवण्याचे सिग्नल दोन्ही गटांत कमी झाले, म्हाताऱ्यांत पण तेवढेच. आणि २०२१ मध्ये अमेरिकेतला रिहॅब-एचएफ नावाचा अभ्यास आला, हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेले ६० च्या वरचे ३४९ पेशंट, बरेच जण खूप अशक्त, त्यांना तोल, ताकद, हालचाल आणि चालणं चारही शिकवलं, ३ महिन्यांत त्यांचं उठणं-चालणं स्पष्ट सुधारलं. पुन्हा भरती होणं मात्र त्यात कमी झालं नाही.

आईंसाठी सुरुवात तोल आणि उठबस याने करा, एकदम चालायला नेऊ नका, पडल्या तर सगळंच मागे जातं.

किती दिवसांत कळेल? आणि मध्ये बंद पडलं तर?

मसलच्या आत काही आठवड्यांतच बदल सुरू होतात, पेशंटला स्वतःला साधारण दीडदोन महिन्यांत जाणवतं, एक जिना न थांबता झाला वगैरे. बंद केलं की काही आठवड्यांतच उतरायला लागतं. लग्नसराई, गावी जाणं, सर्दीताप, खंड पडतोच, परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून नाही, निम्म्यापासून करा, आणि खंड ॲडमिट झाल्यामुळे पडला असेल तर डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारून घ्या की चालणं कधीपासून आणि किती मिनिटांनी सुरू करायचं, आणि ते डिस्चार्ज कार्डवर लिहून मागा.